शिसवी खुर्ची आणि स्मरणरंजन

साहित्याच्या प्राध्यापकांच्या घरी हल्ली गेले की पुस्तकांच्या आधी लाकूड दाखवले जाते. ही खुर्ची शिसवी आहे, हा दरवाजा एका वाड्याचा आहे (त्यावर काच टाकून त्याचे जेवणाचे टेबल झाले आहे), ते फडताळ कोकणातले आहे. कोणाचा वाडा, असे विचारले तर उत्तर येत नाही. विक्रेत्याने ते सांगितलेले नसते. हेच यजमान वर्गात संहितेचा काळ, कर्ता आणि संदर्भ यांवाचून विद्यार्थ्याला एक पाऊल पुढे टाकू देत नाहीत. बैठकीच्या खोलीत मात्र त्यांना कर्ता नको असतो, काळ अंदाजे चालतो, आणि संदर्भ तर घासाघीस करतानाच गळून पडलेला असतो. या विसंगतीशी आमचे भांडण आहे.

आधी शब्द पाहू. 'अँटिक'ला निदान कायद्याचा काही आधार आहे: १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार वस्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते, हस्तलिखिते वगैरेंसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. 'व्हिंटेज'ला तेवढाही आधार नाही. तो शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा आणि मद्याचा. आपल्याकडे त्याचा अर्थ 'आजोबांच्या वेळचे, पण आता महाग' एवढाच उरला आहे. आणि 'नवे' म्हणजे ज्याची लाज वाटते ते.

या शब्दांच्या जोरावर काय घडू शकते, हे चंदीगढने दाखवले. १९५० च्या दशकात त्या शहरातील कचेऱ्यांसाठी पियेर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेत यांच्या साध्या, दणकट खुर्च्या करून घेतल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, गच्च्यांवर ढीग लागले, भंगार म्हणून लिलाव झाले. त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या, तेव्हा आपल्याला जाग आली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या विकण्यास मनाई केली. पण वस्तू १०० वर्षांची नसल्याने १९७२ च्या कायद्यात ती बसत नाही आणि ती पळवाट कायम राहिली. लाकूड तेच, वेत तोच. वर फक्त एक नाव चिकटले. त्या नावाखाली यूली चौधरींसारख्या भारतीय वास्तुरचनाकारांचा वाटा झाकला गेला, आणि रंधा मारणाऱ्या सुतारांना तर कोणी हिशेबातच धरले नाही. कर्तृत्वाच्या प्रश्नावर सत्रेच्या सत्रे गाजवणाऱ्या आमच्या मंडळींना यात काही ओळखीचे दिसू नये, याचे नवल वाटते.

दुसरे उदाहरण घरचे. मुंबईतील इराणी हॉटेले बंद पडू लागली तशी त्यांतील वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्यांना भाव आला, आणि 'यंत्रयुगापूर्वीची हस्तकला' असे म्हणून त्या मिरवल्या जाऊ लागल्या. या घडणीची मूळ खुर्ची म्हणजे मिखाएल थोनेट यांची १९५९ मधली नव्हे, १८५९ मधली चौदा क्रमांकाची खुर्ची. (शतक मुद्दाम अधोरेखित केले, पाहणाऱ्याला तिचे वय खरोखरच कळत नाही.) बीचचे लाकूड वाफेवर वाकवून केलेले सहा तुकडे आणि मोजके स्क्रू, एवढाच तिचा प्रपंच. एक घनमीटर खोक्यात सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या मावत आणि त्या मुक्कामी पोचल्यावर जोडल्या जात. म्हणजे आज खोक्यातून घरी येणाऱ्या ज्या जोडायच्या सामानाला नाक मुरडले जाते, त्याची ही पणजी. कारखान्याचा माल दीडशे वर्षांनी हस्तकला होतो. मधल्या काळात बदलते ती आपली वाचण्याची रीत.

पण हे सगळे वरवरचे झाले. खरा प्रश्न 'आपला वारसा' या दोन शब्दांचा आहे. शिसवी आरामखुर्ची नेमकी कोणाचा वारसा आहे? महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत शंभर वर्षांपूर्वी लाकडी सामान असे नव्हतेच. भिंतीला खुंट्या, कपड्यांना वलणी, मडक्यांची उतरंड, एखादी बाज, बसायला घोंगडे, आणि पुढे कोणी गिरणीत लागला तर पत्र्याची ट्रंक. गावात साहेब आला म्हणजे पाटलाच्या वाड्यातून खुर्ची आणली जाई, आणि तिच्यासमोर उभे राहायचे असते हे गावाला कोणी शिकवावे लागत नसे. कोणी ओटीवर बसायचे, कोणी पायरीवर आणि कोणी अंगणाच्याही बाहेर, हा जातीचा क्रम लाकडानेच तर जमिनीवर आखलेला होता. ज्या घरांत खुर्च्या होत्या तेथेही घरातल्या बायका त्यांवर बसत नसत. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. त्यातला सगळा संसार गाढवाच्या पाठीवर मावतो. हे पुस्तक अभ्यासक्रमात लावणाऱ्यांनी घरी येऊन वाड्याच्या दाराला 'आपली मुळे' म्हणावे, यात काहीतरी चुकते आहे. शिलाई यंत्राच्या लोखंडी पायांवर संगमरवर टाकून केलेली टेबले पाहिली की आमचा राग आणखी वाढतो. तो पाय मारून किती विधवांनी मुले शिकवली! त्यावर आता कॉफीचा कप ठेवतात आणि 'कॅरेक्टर आहे' असे म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही: संग्राहक नसते तर हे सगळे जळणात गेले असते. मान्य. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारे जमवली नसती तर पुण्याचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले नसते. पण तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. तिकीट काढून कोणीही तो पाहू शकतो. अर्धा कापून टेबल केलेला दरवाजा काय जपतो?

आम्ही स्वतः यातून सुटलेलो नाही. आमच्यातल्या एकाचा वाडा पाच भावांत वाटला गेला आणि पाडला गेला. व्यापाऱ्याने घडवंची, खांब, झोपाळ्याच्या पितळी कड्या, पितळी फुलांचे पाट असे सगळे एका रकमेत उचलले; टेम्पो भरला, यादी कोणी मागितली नाही. 'वाडा चिरेबंदी' १९८५ पासून आपण पाहतो, वाचतो, शिकवतो. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरवर निबंध लिहितो. आणि आपला वाडा मोडताना यादीसुद्धा करत नाही. त्यातले सामान आज कोणाच्या तरी घरात अनामिक 'अँटिक' म्हणून उभे असेल, तर ती अनामिकता आम्हीच विकली.

मग नवे घ्यावे का? अवश्य घ्यावे, आणि लाज न बाळगता. अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घरे बदलणाऱ्या तरुण प्राध्यापिकेला सागवानी पलंग हे लोढणेच आहे. भुसा दाबून केलेल्या फळ्या कोकणच्या पावसात फुगतात, हे खरे. पण बसण्याची समता या राज्यात कोणी आणली असेल तर ती कोणत्याही शिसवीने नव्हे, प्लॅस्टिकच्या साच्यातल्या खुर्चीने. लग्नाच्या मांडवात ती सर्वांना एकाच उंचीवर बसवते. तिच्यावर मात्र अजून एकही ललित निबंध आमच्या वाचनात नाही.

जुने घ्यायचेच असेल तर ते संहितेसारखे वाचून घ्यावे. खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात, गोल करवतीच्या कमानीसारख्या वळतात. हाताने कापलेल्या सांध्यांच्या खाचा एकसारख्या नसतात. झीज हात लागतो आणि पाय टेकतो तेथे असावी. सगळीकडे सारखीच असेल तर ती कारखान्यात केलेली आहे. जोधपूरला जुने वाटावे असे नवे सामान करण्याचा मोठा उद्योगच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, सांगून विकले तर. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रेत्याला विचारावे: हे कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे? उत्तर कागदावर मागावे. बहुतेक वेळा मिळणार नाही. तरी विचारावे.

त्या वाड्यातली एक खुर्ची टेम्पोत चढली नव्हती, मोडकी म्हणून. मागचा पाय सैल, बैठकीचा वेत फाटलेला. गेल्या महिन्यात ती सुताराकडे नेली. त्याने ती उलटी करून पाहिली आणि विचारले, "सर, जुनी दिसायला पाहिजे की नवी?" बसता आले पाहिजे, असे सांगितले. मग वेत विणणारा गावाहून यायचा आहे म्हणून त्याने आठ दिवसांची मुदत मागितली.