विश्लेषण : जगातील दम्याचे १३ टक्के रुग्ण भारतात, मग मृत्यू ४० टक्क्यांहून अधिक का?

जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात, असे २०१९ च्या आकडेवारीवरून दिसते. ज्या आजारावर प्रभावी औषध आहे, त्यात ही तफावत का?

जगात काय स्थिती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता, तर ४ लाख ५५ हजार जण त्याने दगावले. यातील बहुतेक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्न गटातील देशांत झाले. श्रीमंत देशांतही दमा बराच आढळतो. पण तेथे निदान लवकर होते आणि औषध नियमित मिळते.

औषध असूनही मृत्यू का?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते. ती आटोक्यात ठेवते ते इनहेलरमधील स्टेरॉइड. साल्ब्युटामॉलने धाप थांबते, पण सूज तशीच राहते. म्हणूनच केवळ त्यावर विसंबू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून सांगतात. आपल्याकडे मात्र अनेक रुग्ण गोळ्या-सिरपवरच राहतात किंवा बरे वाटताच औषध सोडतात. ‘पंपाची सवय लागते’ हा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, तर गोळीतील मिलिग्रॅममध्ये असते. शिवाय ‘दमा’ हा शब्द टाळण्यासाठी ‘ॲलर्जीचा खोकला’ म्हटले जाते आणि उपचार लांबतात.

खर्चाचा अडसर किती?

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. म्हणजे झटका आल्यावर मदत मिळते. तो टाळणारा दरमहाचा इनहेलर अनेकांना स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. हातावर पोट असलेल्या घरात, त्रास नसताना हाच खर्च आधी कापला जातो.

ठरावाने काय बदलेल?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने फुप्फुसांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणारा ठराव मंजूर केला. तो देशांवर बंधनकारक नाही. भारतात त्याची कसोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात लागेल. तेथे स्टेरॉइडचा इनहेलर बारमाही मिळतो का आणि तो कसा ओढायचा हे कोणी शिकवते का, यावर मृत्यूंचा आकडा खाली येणे अवलंबून आहे.