उशाशी कोण जागते?

दिवाळी अंकात आजारपणाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली कशाला, असे त्यांना वाटेल. पण ज्या घरात एखादे माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले आहे, त्या घरालाही दिवाळी चुकत नाही. तिथेही दारात पणती लागते, आकाशकंदील टांगला जातो, आणि भेटीला आलेली मंडळी आतल्या खोलीच्या उंबरठ्याशी घुटमळतात. आत जाऊन बोलायचे काय, हे कोणाला सुचत नाही.

मग जे बोलले जाते ते ठरलेलेच असते. एक म्हणतो, "काही होत नाही हो, पाडव्यापर्यंत हिंडूफिरू लागाल." दुसरा म्हणतो, "भोग आहेत, भोगून संपवायचे." तिसरा कुठल्याशा वैद्याचा पत्ता देतो. हेतू सगळ्यांचा चांगला. पण मंडळी गेल्यावर आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याच्या मनात जी भीती घर करून बसली आहे, तिच्याविषयी कोणी एक अक्षरही काढलेले नसते.

ख्रिस्ती घरांतही हेच चालते, वाक्ये तेवढी निराळी. "श्रद्धा ठेवा, प्रभू बरे करील." आणि नाही केले तर? मग श्रद्धा कमी पडली, असे त्या बिचाऱ्याने समजायचे काय? आधीच दुखण्याने वाकलेल्या पाठीवर अपराधाचे ओझे चढवायचे, याला सांत्वन म्हणवत नाही.

बायबल या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ स्पष्टवक्ते आहे. जुन्या करारातल्या ईयोबाची कथा पाहा. धनदौलत गेली, मुले गेली, सर्वांगाला फोड आले. तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेले हेच एक चांगले काम! आठव्या दिवसापासून ते बोलू लागले, 'तुझ्याच हातून काही पाप घडले असेल' हे पटवू लागले, आणि सगळे बिघडले. कथेच्या शेवटी देव रागावतो तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, या शहाण्या मित्रांवर.

योहानाच्या शुभवर्तमानातही असाच प्रश्न येतो. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आणि पौलासारखा थोर प्रेषित! त्याच्या शरीरात कसला तरी काटा सलत होता. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढे उत्तर मिळाले. पौलाची श्रद्धा कमी होती असे म्हणण्याची छाती कोणाची आहे?

तेव्हा ख्रिस्ती आशा म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे. मग ती आहे तरी काय? याचे उत्तर गेथशेमाने बागेत सापडते. क्रूसाच्या आदल्या रात्री येशू स्वतः घाबरला, व्याकूळ झाला. हा प्याला टळेल तर टळो, अशी त्याने पित्याची विनवणी केली. आणि मित्रांकडे मागितले ते एवढेच, की माझ्यासोबत जागे राहा. औषध मागितले नाही, उपदेश तर नाहीच. मित्र झोपी गेले. ज्याला आपण देव मानतो तोही त्या रात्री एकटा पडला. म्हणूनच एकटे पडलेल्या माणसाशेजारी तो जागा असतो, असे ख्रिस्ती माणूस मानतो.

ही गोष्ट एका इंग्रज बाईने फार मनावर घेतली. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) आधी परिचारिका होत्या, मग पाठीच्या दुखण्यामुळे रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४५ साली त्यांना ख्रिस्तावरची श्रद्धा गवसली. पुढे लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू रुग्ण त्यांना भेटला. वय अवघे चाळीस, कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला, जवळचे कोणी नाही. मरणाऱ्या माणसाला निवांतपणा मिळेल असे एखादे घर असावे, असे दोघे बोलत बसत. १९४८ साली तो गेला. जाताना पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवून गेला. तुमच्या त्या घरातली एक खिडकी मी होईन, असे म्हणून.

खिडकी मिळाली, घर उभे राहायला एकोणीस वर्षे लागली! तेवढ्यात बाई वैद्यकी शिकल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. वेदना उफाळून आल्यावर मग औषध टोचायचे, ही तेव्हाची रीत. धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ रुग्णाश्रमात काम करताना बाईंनी ती मोडली. घड्याळ लावून, वेदना डोके वर काढण्याआधीच मॉर्फिन द्यावे, हे त्यांनी दाखवून दिले. शरीर दुखते तसे मनही दुखते, मुलाबाळांची काळजी दुखते, 'मीच का?' हा प्रश्नही दुखतो. या सगळ्या मिळून एका वेदनेवर उपचार हवा, हा त्यांचा सिद्धांत. १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हे त्यांचे घर उघडले. श्रद्धा ख्रिस्ती, पण दार सर्वधर्मीयांना उघडे आणि नास्तिकांनाही. घराचा पाया काय, हे सांगताना त्या गेथशेमाने बागेतल्या त्या मागणीकडेच बोट दाखवीत. पुढे त्यांना स्वतःला कर्करोग झाला आणि २००५ साली त्यांनी याच घरात डोळे मिटले.

लंडन दूर राहिले. आपली मुंबई घ्या. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला दर सप्टेंबरात सर्व जातिधर्मांची माणसे लोटतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय. त्याच टेकडीच्या रस्त्यावर शांती अवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली ते सुरू केले; या प्रकारचे हे भारतातले पहिले घर. कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांची तिथे विनामूल्य सेवा होते. अवेदना, म्हणजे वेदना नसणे. वर मावलीपाशी बरे होण्याचा नवस, आणि जवळच नवस न फळलेल्यांसाठी अंथरूण. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. नवस बोलावा, पण तो फळला नाही तरी आपल्याला कोणी टाकणार नाही, एवढे माणसाला ठाऊक असावे.

यात व्यवहाराचा भागही आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने आपल्याकडे मॉर्फिन मिळणे दुरापास्त करून टाकले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली. वेदना सोसण्यातच पुण्य आहे असे समजून औषध नाकारण्याचे कारण नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. त्या काळी तेल हे औषधही होते.

कॅथलिकांचा तैलाभ्यंग संस्कार तिथूनच आला. धर्मगुरू आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना आशीर्वादित तेल लावतात. पूर्वी त्याला अंत्याभ्यंग म्हणत, आणि तेल घेऊन फादर दारात दिसले की घरचे लोक हबकत. आता सगळे आटोपले! १९७२ साली रोमने नवा विधी ठरवून दिला आणि हा संस्कार मरणाऱ्याचा नव्हे, आजाऱ्याचा आहे, हे स्पष्ट केले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेल चोळते तेव्हा अंगाला जे कळते, तेच इथेही कळावे: हे शरीर रोगाने पोखरले असले तरी कोणाला तरी प्रिय आहे.

आता कोणी विचारील, एवढे करून सांत्वन मिळतेच काय? प्रत्येकाला, प्रत्येक घटकेला मिळते असे सांगणे खोटे ठरेल. लिझ्यूची संत तेरेजा १८९७ साली क्षयाने गेली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. अखेरचे सुमारे दीड वर्ष तिला स्वर्गाच्या जागी काळोखच दिसत होता. तरी ती प्रार्थना करीत राहिली, आणि चर्चने तिला संत म्हटले. मन अंधारात असणे म्हणजे श्रद्धा संपणे नव्हे.

आणि मरणापलीकडचे? ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. पण पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, हे विसरू नये. थोमाने तेच पाहून त्याला ओळखले. सोसलेले पुसले जात नाही. त्यावर शेवटचा शब्द मरणाचा नसतो, एवढीच ती आशा. एवढीच, पण केवढी!

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचा डबा घेऊन अशा एखाद्या घरी जाल तेव्हा उंबरठा ओलांडून आत जा. खुर्ची पलंगाजवळ ओढा. धीराची भाषणे नकोत. आजारी माणूस बोलला तर ऐका, गप्प राहिला तर गप्प बसा. आणि रात्रंदिवस उशाशी बसून थकलेल्या त्या घरच्या बाईला सांगा, "आजची रात्र मी जागतो, तुम्ही जरा डोळा लावा."