ओटा टिकला, बांधणारे गेले

गेल्या वर्षी एका वादविवाद स्पर्धेत मी हरलो. हरल्याचे दुःख नाही. पण प्रतिपक्षाच्या एका मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, ते अजून सलते. विषय होता प्रवाळांचे भवितव्य. समोरचा वक्ता अगदी शांतपणे म्हणाला, "पृथ्वीने असले प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातला प्राणवायू संपत आला होता, तरी चुनखडीचे थर वाढतच राहिले. मग आताच रडगाणे कशाला?" टाळ्या पडल्या. मी पडलो वाणिज्य शाखेचा, शाळा मराठी माध्यमाची. भूशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडले की एका पानाला तास लागतो. तरी वर्षभर वाचत राहिलो. उत्तर आता सापडले आहे. परीक्षक घरी गेले, म्हणून ते येथे मांडतो.

उथळ, उबदार समुद्रात प्रवाळ, शिंपले आणि काही शेवाळी चुन्याचे सांगाडे व कवचे तयार करतात. ती साचतात, तळ हळूहळू खचतो, वर नवे थर चढतात. लाखो वर्षांनी सपाट माथ्याचा अवाढव्य चुनखडीचा ओटा उभा राहतो. बहामा बेटांखालचा असा ओटा चार किलोमीटरहून जाड आहे. आपण चुनखडी म्हणतो, आमचे कन्नड विभागातले मित्र सुण्णद कल्लु म्हणतात. आजीच्या पानाच्या डब्यातला चुना त्याच कुळातला.

या ओट्याचा हिशेब कीर्द-खतावणीसारखा मांडता येतो, हे पाहून मला फार बरे वाटले. वोल्फगांग श्लागर या भूशास्त्रज्ञाने १९८१ साली तो मांडला. निरोगी प्रवाळभित्ती हजार वर्षांत साधारण एक मीटर वाढू शकते. तळ मात्र हजार वर्षांत एक ते दहा सेंटिमीटरच खचतो. म्हणजे जमा खर्चाच्या निदान दहापट! एवढा नफ्यातला धंदा बुडावाच कसा? तरीही जगभर बुडालेले ओटे सापडतात. श्लागरचे म्हणणे असे की, तळ खचून ओटा सहसा बुडत नाही. आधी बांधणारे आजारी पडतात, मग पाणी डोक्यावरून जाते. आमच्या पेठेतली दुकानेसुद्धा अशीच बुडाली. भाडे वाढले म्हणून नव्हे, मालकाचे लक्ष उडाले म्हणून.

आता प्राणवायूच्या दुष्काळाकडे येऊ. श्लांगर (हा वेगळा, नावात गोंधळ नको) आणि जेन्किन्स या दोघांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. वेगवेगळ्या महासागरांच्या तळांतून काढलेल्या नमुन्यांत एकाच काळातले काळे, सेंद्रिय द्रव्याने भरलेले थर सापडत होते. आज त्याची साखळी साधारण अशी लावतात : प्रचंड ज्वालामुखीतून कर्बवायू सुटतो, हवा तापते, पाऊस वाढतो, खडक झिजून खतासारखी द्रव्ये समुद्रात जातात, सूक्ष्म वनस्पती माजतात, त्या मरून खाली कुजताना प्राणवायू खाऊन टाकतात. तापलेल्या पाण्यात मुळात प्राणवायू कमीच मुरतो. सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा प्रसंग असाच. त्याचा संबंध दक्षिण आफ्रिका व अंटार्क्टिकातल्या लाव्हाशी लावतात. जर्मनीत होल्त्समाडेन येथे मत्स्यसरड्यांचे सुंदर जीवाश्म मिळतात, ते याच काळ्या चिखलात जपले गेले.

पण ओट्याचा माथा तर वाऱ्याने घुसळल्या जाणाऱ्या उथळ पाण्यात असतो. तेथे प्राणवायू सहसा पुरतो. म्हणजे ओट्यांना घुसमट मारत नव्हती, घुसमटीला जे कारण झाले तेच त्यांनाही मारत होते. कर्बवायू विरघळून पाणी आम्ल झाले की चुना तयार करणे महाग पडते. खत वाढले की पाणी गढूळ होते, उजेड पोचत नाही, खडक पोखरणाऱ्या प्राण्यांचे फावते. (हा खताचा मुद्दा हॅलॉक व श्लागर यांनी १९८६ साली नीट मांडला.) वर उष्णता आहेच.

आता माझ्या प्रतिपक्षाचा मुद्दा घेऊ. इटलीच्या ॲपेनाइन पर्वतातला ओटा त्या प्रसंगातून खरोखरच तगला. माँते सोर्जेन्झा येथील खडकांचा थरन् थर तपासला आहे. खालच्या थरांत लिथिओटिस नावाच्या लांबट, मोठ्या शिंपल्यांची दाटी, सोबत चुना साठवणारी शेवाळी. कर्बाच्या मोजमापांत त्या प्रसंगाची खूण लागते, तेथे हे दोन्ही एकाएकी नाहीसे होतात. त्यांच्या जागी काय येते? ऊइड, म्हणजे पाण्यातून थेट, रासायनिक रीतीने साका बसून झालेले चुन्याचे वाळूएवढे गोल कण. थर वाढतच राहिले हे खरे. पण शिंपले गेले. लिथिओटिस पुन्हा कधीच परतले नाहीत.

ताळेबंदाची एकूण बेरीज जुळते म्हणून पेढी जुनीच आहे असे म्हणणाऱ्याला आमचे लेखापरीक्षणाचे सर पहिल्याच तासाला वर्गाबाहेर काढतील. प्रतिपक्षाने बेरीज वाचली, तपशील वाचला नाही. शिवाय सगळेच ओटे तगले असेही नाही. उत्तर इटलीतला ट्रेंटोचा ओटा ज्युरासिक काळातच बुडाला; त्याच्या डोक्यावर खोल पाण्यातली, अमोनाइटांनी भरलेली लाल चुनखडी बसली. दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे : सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच दुष्काळात ओमानच्या ओट्यावर रुडिस्ट शिंपल्यांची जागा सूक्ष्मजीवांच्या पुटांनी घेतली, आणि पुढे रुडिस्ट परतले. तेव्हा परतणे अशक्य नाही. पण त्या परतीचा काळ लाखांच्या आकड्यात मोजावा लागतो, आणि आपण हवेतला कर्बवायू दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे नेला तो दोन-अडीच शतकांत. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली उष्णतेने पांढरे पडले. दोन प्रसंगांमधले अंतर पाहा. हजार वर्षांत मीटरभर वाढणाऱ्याला सहा वर्षांची सवलत कसली!

प्राणवायूचे म्हणाल तर तो दुष्काळही फार दूर नाही. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे पाणी दरवर्षी प्राणवायूला मुकते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तो वाढत असल्याचे २००० साली जगापुढे मांडले. बेळगावातून घाट उतरून आपण सहलीला जातो, त्याच किनाऱ्याची ही गोष्ट. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेला पठारी उंचवटा आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर जिवंत प्रवाळ. कान्होजी आंग्र्यांवरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती एखादी सहकारी बँक वाटली होती. तिचा ताळेबंद एकदा स्वतः पाण्यात उतरून पाहायचा आहे; त्यासाठी आधी पोहायला शिकावे लागेल.