मोबाईल म्हणतो ४०, गोठ्याचा पत्रा म्हणतो वेगळंच

मागच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला धार काढायला बसलो होतो. गावात हळद होती, डीजे लागला होता. गाव आमच्या वस्तीपासून दीड किलोमीटर. गाण्याचा एक शब्द कळत नव्हता, पण धप धप मात्र कानापेक्षा छातीलाच जास्त कळत होतं. गोठ्याचा पत्रा थरथरत होता. नवी व्यालेली गाय बिथरली आणि तिनं पान्हा चोरला.

दुसऱ्या दिवशी बोललो तर भावकीतला पोरगा म्हणाला, "अण्णा, एवढ्या लांब कसला त्रास? मी तुमच्या बांधावर मोबाईलवर मोजलं, ४० डेसिबल. नियमात आहे." पोरगा खोटं बोलत नव्हता. पण मोजमापच अर्धं होतं.

आवाजाचं असं आहे. अंतर दुप्पट झालं की तो साधारण ६ डेसिबल कमी होतो, मग तो बारीक असो की जाड. त्यापुढं फरक पडतो. बारीक आवाज हवेतच विरतो. मधले सूर, म्हणजे माणसाचं बोलणं, नांगरटीची भुसभुशीत जमीन बऱ्यापैकी शोषून घेते. ५० हर्ट्झच्या दणक्याला यातलं काहीच फारसं अडवत नाही. त्याची एक लाट सुमारे ७ मीटर लांब. बांधावरची शेवरीची रांग किंवा उसाचा फड तिच्यापुढं काय टिकणार? झाडं लावा, आवाज अडेल, हा सल्ला डीजेच्या बाबतीत मला पटत नाही. वाऱ्यासाठी जरूर लावा.

वाऱ्याचा विषय निघालाच तर, जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोरात. त्यामुळं वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वाकतो, उलट्या दिशेचा वर उचलला जातो. त्या दिवशी वारा गावाकडून आमच्याकडं होता. त्यात थंडीची निरभ्र संध्याकाळ. जमीन लवकर गार पडते, वरची हवा त्यामानानं उबदार राहते, आणि मग आवाज चारी दिशांना खालीच वाकतो. शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरला की समजायचं. (अशा वेळी फवारणीही करू नये, बारीक थेंब तरंगत शेजारच्या रानात जातात.)

आता मोजणीचं. नियमातली मर्यादा, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, ही 'ए' मापात आहे. हे माप माणसाच्या कानाच्या हिशोबानं बनवलंय, आणि ५० हर्ट्झला ते तब्बल ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे ७० चा दणका कागदावर ४० दिसतो. मोबाईलचा माइक तर खालचे सूर आधीच कमी पकडतो. 'सी' माप लावलं तर वजावट जेमतेम एक-दीड डेसिबलची.

माझं म्हणणं लग्नात वाजवू नका असं नाही. रात्री दहानंतर बंद हा नियम आहेच. पण ग्रामसभेत यावर बोलणं होईल तेव्हा मोजणी मांडवात नको, वाऱ्याखालच्या वस्तीवर व्हावी, संध्याकाळी, आणि 'सी' मापात. आणि बेस अर्धा ठेवला तर मांडवातल्या नाचणाऱ्याचं काय बिघडतं, ते मला कुणीतरी सांगा.

पोरगा येत्या शनिवारी वस्तीवर यायला तयार झालाय. धार काढायच्या वेळेलाच बोलावलंय.