बचत हाही निरोधच

12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि द्रोणागिरी मुंबईच्या आणखी जवळ आले. बंदर, कंटेनर यार्ड आणि सिडकोच्या इमारती यांच्यामधल्या या वसाहतीत मुंबईपेक्षा कमी भाड्यात खोली मिळते. खोली मागणाऱ्याला घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘काम काय करता?’ देहविक्रय करणाऱ्या पुरुषाला या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही. ‘मालिश’, ‘केटरिंग’ असे काहीतरी सांगून तो वेळ मारून नेतो. बँकेत अर्ज भरतानाही हीच अडचण येते.

देहविक्रय म्हटले की आपल्याला कामाठीपुरा आणि बाईच आठवते. या व्यवसायातल्या पुरुषांची दखल घेतली ती प्रामुख्याने एड्स नियंत्रण कार्यक्रमाने. निरोध, तपासणी, समुपदेशन आणि 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी औषधे, ही कामगिरी मोठीच. पण या माणसाच्या खिशात काय आहे, हे कोणी विचारत नाही.

तो प्रश्न आरोग्याचाच आहे. कमाई रोखीची आणि बेभरवशाची. आजारी पडले की ती थांबते, वय वाढते तशी घटते. भाडे आणि गावी पाठवायची रक्कम मात्र थांबत नाही. अशा वेळी निरोध न वापरण्यासाठी जादा पैसे देऊ करणाऱ्या गिऱ्हाईकाला नकार देणे अवघड जाते. मेक्सिकोतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा संबंधासाठी सुमारे 23 टक्के जादा दर मिळत असल्याचे दिसले. पश्चिम केनियातल्या 2011 च्या अभ्यासात, घरात कोणी आजारी असलेल्या दिवशी असुरक्षित संबंधांची शक्यता सुमारे 19 टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे आकडे स्त्रियांचे असले तरी अडचणीचे गणित पुरुषालाही तेच लागू पडते. दोन महिन्यांच्या भाड्याएवढी शिल्लक ज्याच्याकडे आहे, तोच ‘नाही’ म्हणू शकतो.

शिल्लक राहत नाही याला केवळ उधळपट्टी कारणीभूत नाही. पैसे चोरीला गेले किंवा बदनामीची धमकी देऊन कोणी उकळले, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य होत नाही. खंडणी हा गुन्हाच आहे, पण तक्रार करायची तर आधी स्वतःची ओळख उघड करावी लागते. त्यात 1956 च्या कायद्याचे कलम 4 असे की, या कमाईवर जाणूनबुजून जगणारी प्रौढ व्यक्तीही दोषी ठरू शकते. मग म्हाताऱ्या आईला पाठवलेले पैसेही लपवावे लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 या कोविडकाळात राज्य सरकारने या व्यवसायातल्या महिलांना महिना 5,000 रुपये दिले. ते योग्यच होते. पुरुषांचा मात्र विचार झाला नाही.

वाट अगदीच बंद नाही. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश दिले. निवासाचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार मिळेल आणि त्यात गोपनीयता राखली जाईल, हेही स्पष्ट झाले. आधार असेल तर शून्य शिल्लकीचे जनधन खाते उघडता येते. वर्षाला 20 रुपयांत अपघात विमा आणि 436 रुपयांत जीवन विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे, त्याच खात्यातून घेता येतात. या अर्जांत वारस म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हेही शांतपणे समजावणारे कोणी हवे.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे रक्त तपासले जाते आणि निरोध मिळतो, तिथेच आठवड्यातून एक दिवस बँकेचा प्रतिनिधी बसवावा. त्याने व्यवसाय विचारू नये, फक्त अर्ज भरून घ्यावा. एड्स नियंत्रणाच्या खर्चात ही भर किरकोळ असेल. तिच्यामुळे टळलेला प्रत्येक संसर्ग म्हणजे आयुष्यभराची औषधे वाचली, हा हिशेब सरकारलाही परवडणाराच आहे.