बरा झालेला टायफस

ज्वर उतरला, पथ्य सुटले, की रोगाचे प्रकरण दप्तरदाखल झाले, अशी जी समजूत रोग्यांत आणि कित्येक डॉक्टरांतही रूढ आहे, तिच्या खंडनास न्यूयॉर्कच्या टायफसइतका समर्पक दाखला क्वचितच मिळेल. नेथन ब्रिल यांना तेथे १८९८ च्या सुमारास एक ज्वर आढळला. तो विषमज्वरासारखा दिसे, पण विडालची रक्तपरीक्षा त्यास दुजोरा देत नसे. १९१० साली २२१ रोग्यांचा वृत्तांत देऊन त्यांनी तो निराळा रोग ठरविला. दोनच वर्षांनी अँडरसन आणि गोल्डबर्गर यांनी माकडांवरील प्रयोगांनी तो टायफसच असल्याचे दाखविले. परंतु टायफस उवांमार्फत पसरतो, हे निकोल यांनी १९०९ मध्येच सिद्ध केलेले. आणि या रोग्यांच्या अंगावर उवा तर नाहीत!

तेव्हा उंदरांकडे बोट दाखविणारा पक्ष पुढे आला. उंदरांवरील पिसवांपासून होणारा टायफस अमेरिकेच्या दक्षिण भागात खरोखरच असल्याने हा पक्ष पोरकट म्हणता येत नाही. तथापि हान्स झिन्सर यांनी १९३४ साली न्यूयॉर्क व बॉस्टन येथील पाचशेंहून अधिक रोग्यांची जी छाननी प्रसिद्ध केली, तिच्यापुढे तो टिकत नाही. रोगी बहुतांशी रशियातून, म्हणजे टायफसच्या साथींनी गांजलेल्या मुलखातून, आलेले यहुदी. त्याच वस्त्यांत राहणारे, पण अमेरिकेत जन्मलेले लोक मात्र क्वचितच आजारी. चावण्यापूर्वी पिसू जन्मस्थानाचा दाखला मागते, असे मानावयास आमची तयारी नाही. झिन्सर यांचा निष्कर्ष असा, की बाळपणी किंवा तारुण्यात भोगलेल्या टायफसचे जंतू शरीरातच वर्षानुवर्षे दबा धरून राहिले आणि उतारवयात पुन्हा उठले.

यावर मोठा आक्षेप असा, की टायफस एकदा झाला म्हणजे दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते. येते, यात वाद नाही. परंतु ही शक्ती बाहेरून येणाऱ्यास अडविते, एवढ्यावरून आत ठाण मांडून बसलेल्यास ती समूळ उखडते असे अनुमान निघत नाही. किंबहुना दुसरा ज्वर इतका सौम्य असावा, हीच जुन्या शक्तीची साक्ष होय. प्रत्यक्ष पुरावा झिन्सर यांच्या हयातीत मिळाला नाही. ते १९४० मध्ये वारले. १९५५ साली प्राइस यांनी, रशिया सोडून वीसहून अधिक वर्षे लोटलेल्या माणसांच्या जांघेतील लसिकाग्रंथींतून, टायफसचे जिवंत जंतू वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले.

मग अशा माणसांना बंदरातच अडवावे, असे म्हणणारेही निघतात. रोग्यांवर उवा सोडून त्यांना रक्त पिऊ दिले असता त्या उवांत जंतू उतरतात, हे मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले असल्याने भय निराधार नाही. परंतु न्यूयॉर्कात शेकडो रोगी होऊनही साथ उठली नाही, कारण जंतूस एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेणारे वाहनच तेथे नव्हते. आणि ते वाहन जेथे आहे, तेथे बंदरातील पहाऱ्याने काय साधणार, कारण पूर्वी टायफस भोगलेले लोक तेथील घरोघरी आधीपासूनच राहत असतात.