सोडतीनंतरचे प्रतिनिधित्व

महिलांच्या राजकीय आरक्षणावर सर्रास घेतला जाणारा आक्षेप असा की, राखीव प्रभागातून निवडून आलेली स्त्री नावापुरती प्रतिनिधी असते, कारभार पती किंवा दीर पाहतो आणि पुढच्या सोडतीत प्रभाग खुला झाला की ती घरी परतते. धरणगाव, एरंडोल, अमळनेर यांसारख्या नगरपरिषदांच्या गावांत या आक्षेपाला आधार सापडत नाही असे नाही. सोडतीच्या सभेत शाळकरी मुलाने काढलेली चिठ्ठी महिलेसाठी निघावी आणि प्रभागातले एकही लग्नकार्य वा दशक्रिया न चुकवलेल्या इच्छुकाने त्याच संध्याकाळी पत्नीच्या किंवा आईच्या कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू करावी, हे खानदेशात कोणाला नवे नाही, आणि ते नाकारून आरक्षणाचे समर्थन करता येणार नाही.

परंतु आरक्षण उठताच स्त्री राजकारणातून नाहीशी होते, हा आक्षेपाचा उत्तरार्ध आकड्यांनी तपासता येतो, आणि राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी तो मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकांवरून तपासला आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्यांनी 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले व 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग एका बाजूला, आणि दोन्ही वेळा खुले राहिलेले प्रभाग दुसऱ्या बाजूला ठेवले. कोणता प्रभाग राखीव व्हावा हे योगायोगाने ठरत असल्याने दोन्ही गटांत मुळात फरक नव्हता; अशा आपोआप घडून आलेल्या तुलनेला समाजशास्त्रांत नैसर्गिक प्रयोग म्हणतात. निष्कर्ष असा की, पूर्वी राखीव असलेल्या प्रभागातून स्त्री निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे पाचपट होती. याची दोन कारणे त्यांनी दिली: आरक्षणामुळे खुल्या जागेवरही जिंकू शकणाऱ्या स्त्रिया राजकारणात आल्या, आणि स्त्री उमेदवार निवडून येते हे पक्षांना कळले. पाचपट झाल्यावरही खुल्या प्रभागांत पुरुषांचेच बहुमत उरले, हे येथे लपवण्याचे कारण नाही. मूळची शक्यताच इतकी क्षीण होती.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय असतो, तर नगरपरिषदांचे बहुतेक प्रभाग द्विसदस्यीय असून त्यांत साधारणपणे एक जागा महिलेची व दुसरी सर्वसाधारण, म्हणजे महिलांसाठी राखीव नसलेली, अशी विभागणी होते. मतदार दोन्ही जागांसाठी मत देतो, आणि पक्षाला 'महिलेची जागा दिली आहे' असे सांगून दुसऱ्या जागेवर पुरुषच उभा करण्याची सोय मिळते. मुंबईत जी शिकवण पक्षांना खुल्या प्रभागात घ्यावी लागली, ती येथे घ्यावीच लागत नाही. तेव्हा धरणगावात माजी नगरसेविका सर्वसाधारण जागेवर क्वचित दिसत असेल, तर त्याचा दोष तिच्या कुवतीवर लादण्याआधी प्रभागरचना आणि तिकीटवाटप पाहणे न्याय्य ठरते.

खानदेशातील लोकसभेचे चित्र या दृष्टीने बोलके आहे. 2024 मध्ये जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे आणि धुळ्यातून शोभा बच्छाव निवडून आल्या. यांपैकी एकही जागा महिलांसाठी राखीव नव्हती. रक्षा खडसे यांची सुरुवात कोथळीच्या सरपंचपदापासून झाली, तर शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या. रक्षा खडसे यांच्यामागे घराणे आहे, असे म्हटले जाईल. पण घराण्याच्या बळावर आलेल्या पुरुष आमदारांना कोणी नामधारी म्हणत नाही. तीन जागांवरून नियम सिद्ध होत नाही हे खरे, तरी मतदार स्त्रीला मत देत नाहीत हा दावा त्यांनी मोडीत निघतो. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातील विधानसभेच्या अकराही जागांवर पुरुष निवडून आले आणि राज्यात 288 पैकी केवळ 21 स्त्रिया आमदार झाल्या. अडसर मतपेटीपेक्षा उमेदवारी देणाऱ्यांच्या बैठकीत अधिक आहे.

म्हणून चक्राकार आरक्षणाचे, म्हणजे राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याचे, समर्थन करताना त्याची गती मंदावण्याची मागणी करणे आवश्यक आहे. दर पाच वर्षांनी प्रभाग फिरला, तर नगरसेविकेने नळाच्या पाण्यासाठी, गटारींसाठी काय केले याचा जाब मतदाराला मतपेटीतून विचारता येत नाही, आणि तिलाही केलेल्या कामाचे फळ मागता येत नाही. तामिळनाडूत हे आरक्षण दोन कार्यकाळांसाठी कायम ठेवले जाते. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक संस्थांत महिलांचा वाटा 50 टक्क्यांवर नेला. आता तीच जागा सलग दोन निवडणुकांत राखीव ठेवली, तर दुसऱ्या वेळी मत मागणारी स्त्री चिठ्ठीच्या नव्हे, स्वतःच्या पाच वर्षांच्या कारभाराच्या आधारे उभी असेल, आणि तिच्या नावावर दुसऱ्याने कारभार केला असेल तर तोही त्याच मतदानात उघडा पडेल.